पकड कोणाची? कबड्डीतील बचावरचनेचा एक हिशेब

कबड्डीत पकड झाली की निवेदक एक नाव घेतो. डावा कोपरारक्षक अमुक, घोट्याची पकड, एक गुण. टाळ्या त्या नावाला पडतात, गुणलेखक त्याच नावापुढे खूण करतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीत तेच नाव छापून येते. चढाईपटूच्या पायाला पहिला हात ज्याचा लागला, त्याची ती पकड. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात तपासण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखात तेच तपासायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की कबड्डीतली पकड बरीचशी हात लागण्याआधीच घडलेली असते. सात माणसे कुठे उभी आहेत, कोणाचा हात कोणाच्या हातात आहे, कोण पुढे सरकला आणि कोण मुद्दाम मागे राहिला, यावर चढाईपटूचा पाय कुठे पडणार हे ठरते. कोपरारक्षक तो पाय उचलतो. पण तो पाय तिथे आणणारे आणि परतीची वाट बंद करणारे दुसरेच असतात. त्यांची नोंद कुठेही होत नाही, आणि या नोंद न होण्याचे परिणाम निवड चाचणीपासून नोकरीपर्यंत पोहोचतात. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

मैदानाचे गणित

रचना समजायची तर आधी जागा मोजली पाहिजे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत तिथे पाय टाकणारा बाद होतो. तेव्हा बचावाला प्रत्यक्षात राखायची रुंदी आठ मीटर राहते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर.

चढाईपटूला कोणालाही स्पर्श करता आला नाही, तर त्याने निदान रेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. नाही ओलांडली तर तो बाद. हा एक नियम साऱ्या बचावाचा पाया आहे. पाहुणा घरात येणारच आहे, त्याला बोलवायला दारात जायची गरज नाही. म्हणून बचावाची भिंत निदान रेषेच्या मागे उभी राहते. हा पट्टा आठ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर खोल, म्हणजे बावीस चौरस मीटरचा. एखाद्या मोठ्या बैठकीच्या खोलीएवढ्या जागेत सात माणसे उभी असतात आणि आठवा त्यांच्यात शिरतो.

आता ही सात माणसे किती रुंदी झाकू शकतात? आपल्याकडे विहिरीची खोली वावांत मोजत. दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतची लांबी म्हणजे एक वाव, आणि ती साधारण माणसाच्या उंचीएवढीच भरते. हातात हात घेऊन, कोपर किंचित वाकवून उभे राहिले तर एका माणसामागे दीड मीटर धरता येईल. सात जणांची साखळी झाली साडेदहा मीटर. मैदान आठच मीटर आहे. म्हणजे सात जणांची साखळी सरळ रेषेत मावतच नाही, तिला कमानीसारखा बाक घ्यावाच लागतो. कडेची माणसे पुढे येतात किंवा मधली मागे जातात. सहा जणांची साखळी नऊ मीटर होते, अजून बाक शिल्लक आहे. पाच जणांची साडेसात मीटर होते. इथे पहिल्यांदा साखळी मैदानापेक्षा तोकडी पडते. तिघांची साडेचार मीटर, म्हणजे निम्मे मैदान उघडे.

बोनस गुणाचा नियम या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा. मैदानात सहा किंवा अधिक बचावपटू असतील तेव्हाच चढाईपटूला बोनस मिळतो. साखळी जोवर मैदानाला पुरून उरते, तोवर धाडस करणाऱ्याला जादा मोल दिले जाते. ती तोकडी झाली की ते मोल बंद होते. महिलांचे मैदान १२ मीटर बाय ८ मीटर असते, राखायची रुंदी सहा मीटर. एका खेळाडूमागे एक मीटर चाळीस सेंटिमीटर धरले, तर पाच जणींची साखळी सात मीटर होते आणि पुरते. चौघींची पाच मीटर साठ सेंटिमीटर होते आणि तोकडी पडते. म्हणजे महिलांच्या सामन्यात रचना एका खेळाडूने उशिरा मोडते. पुरुषांची रचना जशीच्या तशी मुलींना शिकवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे.

सात जागा

या साखळीत सात जागा असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक. त्यांना लागून, त्यांचा हात धरून उभे राहणारे दोघे. यांना खेळाडू ‘इन’ म्हणतात. त्यांच्या आत दोन मध्यरक्षक, म्हणजे ‘कव्हर’. आणि मधोमध एक. प्रचलित रचनेत कडेला जोडी, मध्ये तिघे, पुन्हा कडेला जोडी अशी दोन–तीन–दोनची मांडणी दिसते. संघातले चढाईपटू बचावाच्या वेळी बहुधा ‘इन’ किंवा मधल्या जागेवर उभे केले जातात, कारण पकडीचे ओझे तिथे तुलनेने कमी असते. कोपरे आणि कव्हर या चार जागा खऱ्या बचावपटूंच्या.

कोपरारक्षकाचा एक हात ‘इन’च्या हातात अडकलेला असतो. हा अडकलेला हात त्याचा नांगर आहे. त्याच्या भरवशावर तो पुढे झेपावू शकतो आणि फसला तर मागे ओढला जाऊ शकतो. चढाईपटूने बोनस रेषेकडे पाय टाकला किंवा लाथ फिरवली, की कोपरारक्षक मोकळ्या हाताने किंवा नांगर सोडून दोन्ही हातांनी घोटा धरतो. कव्हरचे काम वेगळे. त्याने घोट्याकडे पाहायचे नसते, चढाईपटूच्या कमरेकडे आणि परतीच्या वाटेकडे पाहायचे असते. चढाईपटू वळला की त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये अंग घालायचे, नाहीतर कडेला असेल तर धडक देऊन त्याला मैदानाबाहेर काढायचे.

साखळीला दोन भोके असतात. एक वर, एक खाली. वरून उडी मारून जाणारे चढाईपटू आहेत आणि खालून जाणारेही. पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने ज्या ‘डुबकी’वर नाव कमावले, ती म्हणजे जोडलेल्या हातांखालून वाकून निसटणे. ही डुबकी कोणा एका बचावपटूला चुकवण्यासाठी नसते. ती दोन माणसांमधल्या जोडावर केलेली चाल असते. पाटण्याने तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा सलग तीन हंगामांत विजेतेपद मिळवले, त्या काळात प्रतिस्पर्धी संघांना हात जोडायचे कधी आणि सोडायचे कधी, हा प्रश्न नव्याने विचारावा लागला.

दुसरा हात

आता पकडीचाच हिशेब करू. पावणेसहा फूट उंचीचा चढाईपटू पालथा पडून हात लांबवतो, तेव्हा घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सुमारे सव्वादोन मीटर अंतर भरते. त्याचा घोटा निदान रेषेवर धरला गेला, तर मध्यरेषा ३.७५ मीटर दूर आहे. सव्वादोन मीटर त्याचे शरीरच झाकते. म्हणजे त्याला स्वतःला फक्त दीड मीटर पुढे ओढायचे आहे. तोच घोटा बोनस रेषेवर धरला गेला, तर ओढायचे अंतर अडीच मीटर होते. एक मीटर आत शिरल्याची किंमत अशी पाऊणपट नव्हे, दीडपटीहून जास्त वाढते.

या एका आकड्यात बचावरचनेचे सारे शहाणपण आहे. ज्या संघाची कमान खोल आणि शांत असते, तो चढाईपटूला तो एक मीटर आत येऊ देतो. ज्या संघाचे बचावपटू उतावीळ असतात, ते निदान रेषेवरच झेपावतात आणि त्याला दीड मीटरमध्ये सोडून देतात. ताकद तीच, पकड तीच, हातही तोच, निकाल वेगळा. खेळाडू ज्याला ‘आगाऊ पकड’ म्हणून हिणवतात, ती बहुधा दुबळी पकड नसते. ती चुकीच्या जागी केलेली चांगली पकड असते.

पण अडीच मीटरसुद्धा एकट्याने रोखता येत नाहीत. कसलेला चढाईपटू पायाला लोंबकळणाऱ्या एका माणसाला ओढत नेतो, हे आपण अनेकदा पाहिले आहे. त्याला थांबवतो तो दुसरा हात. कव्हर आणि कोपरा यांच्यात दोन-अडीच मीटरचे अंतर असते. घोटा धरल्याचे पाहून कव्हर निघाला, तर उशीर होतो. घोटा धरला जाणार हे ओळखून तो अर्धे पाऊल आधीच सरकलेला असावा लागतो. म्हणून चांगल्या संघांत कोपरारक्षक आणि कव्हर यांच्यात एक अबोल करार असतो. कोपऱ्याने झेप घेतली की कव्हर मध्यरेषेच्या बाजूने वाट बंद करणार. कव्हर आपल्या जागी आहे याची खात्री असते म्हणूनच कोपरारक्षक झेप घेण्याचे धाडस करतो. ही खात्री नसलेला कोपरारक्षक अर्ध्या मनाने हात टाकतो आणि स्वतः बाद होतो. गुणलेखकाच्या कागदावर मग अपयशही त्याच्याच नावावर जमा होते.

प्रो कबड्डीच्या सुरुवातीच्या हंगामांतला यू मुंबा संघ याचे चांगले उदाहरण आहे. कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर. त्यांच्या आत कव्हरला जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने. २०१५ मध्ये या संघाने विजेतेपद मिळवले. नाडा आणि छिल्लर पुढे एकत्र दुसऱ्या संघातही खेळले, म्हणजे जोडीचे मोल मालकांनी ओळखले होते. चौकडीचे मोल मात्र बाजारात कोणी मोजले नाही.

अमेरिकेतली एक ओळ

हाच प्रश्न दुसऱ्या एका खेळाने अधिक नेटकेपणाने मांडला आहे, म्हणून थोडे दूर जाऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा जणांचा संघ असतो. चेंडू ‘क्वार्टरबॅक’ नावाच्या खेळाडूच्या हातात येतो आणि तो साधारण अडीच-तीन सेकंदांत तो कोणाकडे तरी फेकतो. त्याला वाचवायला पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. बचाव करणाऱ्या संघाला या पाच जणांच्या फटीतून घुसून, चेंडू फेकला जाण्याआधी त्याला पाडायचे असते. पाडला तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. आपल्याकडे चढाई करणारा एक आणि पकडणारे सात. तिथे पकडणारेच चढाई करतात, एवढा फरक. बाकी गाभा तोच आहे, कारण पाडणारा हात एकाचा असला तरी वाट मोकळी करणारे इतर असतात.

तिथे पुढच्या ओळीच्या दोन प्रसिद्ध मांडण्या आहेत. एकीत चौघे ओळीत आणि तिघे त्यांच्यामागे. यात बहुधा प्रत्येकाला एक फट नेमून दिलेली असते आणि त्याने तिच्यातून मुसंडी मारायची. दुसरीत तिघे ओळीत आणि चौघे मागे. तिच्या जुन्या रूपात मधल्या गड्याने एकाच वेळी दोन फटी सांभाळायच्या असतात. त्याने पुढे घुसायचे नाही. समोरच्या दोघांना आपल्या अंगावर घेऊन तिथेच रुतवायचे. दोघे एकावर खर्ची पडले की पाचांतले तीनच उरतात, आणि कडेने धावणारा मोकळा होतो.

न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने १९८६ च्या हंगामात साडेवीस सॅक केले आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावपटूला हा मान क्वचितच मिळतो. त्याच ओळीच्या मधोमध जिम बर्ट नावाचा गडी दोन-दोन माणसांना अंगावर घेत होता. टेलरचे नाव अमेरिकेबाहेरही माहीत आहे. बर्टचे नाव त्या संघाचे चाहते सोडले तर फार कोणी घेत नाही.

टेलरच्या आकड्यातला तो ‘साडे’ मात्र आपल्या कामाचा आहे. दोघांनी मिळून पाडले तर तिथे दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा सॅक लिहितात. ही नोंदही तशी जुनी नाही. वैयक्तिक सॅक अधिकृतपणे मोजायला तिथे १९८२ मध्ये सुरुवात झाली. ‘सॅक’ हा शब्द ज्याने रूढ केला, तो डीकन जोन्स १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. त्यामुळे अधिकृत यादीत त्याच्या नावावर एकही सॅक नाही. पुढे काही हौशी संशोधकांनी जुने अहवाल आणि चित्रफिती चाळून १९६० पर्यंतचे आकडे जुळवले, तेव्हा कुठे त्याची खरी उंची कागदावर दिसली. जे मोजले जात नाही ते घडलेच नाही असे समजण्याची खोड कोणत्या एका देशाची नाही.

माणसे कमी होतात तेव्हा

कबड्डीत रचनेची खरी परीक्षा संघ पुरा असताना होत नाही. ती चार-तीन माणसे उरल्यावर होते. साखळी तोकडी झाली की हात जोडून उभे राहण्यात अर्थ नसतो. मग प्रत्येक जण सुटा उभा राहतो आणि जागा राखण्याऐवजी माणूस राखू लागतो. तिघांच्या वाट्याला प्रत्येकी सतरा चौरस मीटरहून अधिक मैदान येते. सात असताना ते साडेसातच्याही आत होते.

या अवस्थेत पकड दुर्मीळ व्हावी आणि लोण अटळ व्हावा, हे गणिताला धरून आहे. म्हणूनच तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो. प्रो कबड्डीमुळे रूढ झालेली ही ‘सुपर टॅकल’, मराठी बातम्यांतली ‘अव्वल पकड’. या नियमाने एक गंमत केली. दुबळ्या झालेल्या संघाला धोका पत्करायला कारण दिले आणि बलवान चढाईपटूला सावध केले. तीन जण समोर असताना तो आता खोल जात नाही, निदान रेषा ओलांडून परततो. पण सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे दोन नियम एकमेकांना कात्रीसारखे जोडले गेले. तीन माणसांचा शहाणा बचाव दोन चढाया नुसता मागे सरून जाऊ देतो आणि तिसरीची वाट पाहतो. पाहणाऱ्याला तो घाबरलेला वाटतो. खरे तर तो प्रतिस्पर्ध्याला अडीच मीटरच्या बाजूला ओढत असतो.

माती, मॅट आणि घड्याळ

ही रचना पूर्वी अशी नव्हती. जुन्या हुतुतूत चढाईचे माप म्हणजे दम. चढाईपटूचा श्वास हेच घड्याळ, आणि ते त्याच्याच छातीत. बचावाचे पहिले काम त्याला नाचवून दम काढणे, आणि पकड झाली की दम तुटेपर्यंत नुसते धरून ठेवणे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जगाला कबड्डी दाखवली, ती या दमाच्या युगातली. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, महाराष्ट्र कबड्डी दिन साजरा करतो, त्या बुवा साळवींनी हा खेळ आशियाभर नेला, तोही मातीवरचा.

आज चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे आणि घड्याळ सर्वांना दिसते. माती गेली, मॅट आली, पायात बूट आले. मातीत पाय घसरतो, त्यामुळे चढाईपटू अंग राखून वळतो. मॅटवर पाय रुततो, त्यामुळे तो वेगाने आत येतो आणि वेगाने वळतो. याचा परिणाम बचावाच्या मधल्या भागावर झाला. पूर्वी मधले गडी मुख्यतः साखळी ओढून घ्यायला लागत. मॅटवर कव्हरची धडक आणि आडवे अंग घालणे हे स्वतंत्र शस्त्र झाले. म्हणजे रचनेतले ज्यांचे महत्त्व सर्वाधिक वाढले, तेच कागदावर सर्वांत कमी दिसतात.

जाकार्ता आणि नाशिक

१९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून २०१४ पर्यंत पुरुष कबड्डीची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. २०१८ मध्ये जाकार्त्यात उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७–१८ असे हरवले. चाळीस मिनिटांच्या खेळात भारताला अठराच गुण मिळाले, हा आकडा बोलका आहे. कुस्तीची परंपरा असलेल्या देशाचे हे खेळाडू. फजल अत्राचलीसारखा डावा कोपरारक्षक प्रो कबड्डीत आपल्याच मैदानांवर वर्षानुवर्षे खेळून आपल्या चढाईपटूंच्या सवयी जाणून होता. पण कुस्तीगिराची एकट्याची ताकद त्या ओढायच्या दीड मीटरपुरतीच कामी येते. पुढचे काम रचनेचे असते.

दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे हरवले. २०१० मध्ये महिला कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून दोन्ही सुवर्णपदके भारताकडे होती. इराणच्या त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर इथल्या मुलींना कबड्डी शिकवलेल्या बाईंनी परक्या देशात, परक्या भाषेत संघ बांधला. तीन गुणांचा तो फरक कोणा एका खेळाडूच्या नावावर टाकता येत नाही. प्रशिक्षकाचे कामही कव्हरसारखेच असते. वाट ते बंद करतात, हात दुसऱ्याचा लागतो. नाशिककरांनी त्या वेळी आपण हरलो म्हणून वाईट मानायचे की आपलीच विद्या जिंकली म्हणून आनंद मानायचा, हे ज्याने त्याने ठरवले. मला त्यात एक धडा दिसतो. रचना शिकवता येते. ती रक्तातून येत नाही, मातीतूनही नाही.

२०२३ मध्ये हांगझोऊला भारताने इराणकडून पुरुषांचे सुवर्ण परत मिळवले, ३३–२९. आपल्या संघात नाशिकचा आकाश शिंदेही होता. त्या अंतिम सामन्यात २८–२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावत कोणाला स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला रोखायला धावलेले इराणी बचावपटूही त्याच्यामागे तिथे गेले. एकटा पवन बाद, की मागे गेलेले सारेच बाद, यावरून खेळ बराच वेळ थांबला. अखेर निर्णय भारताच्या बाजूने गेला. वाद नियमाचा होता, पण त्याचे मूळ रचनेत होते. एक सरकला की सारे सरकतात, ही चांगल्या बचावाची सवय. तीच सवय एका मीटरच्या पट्टीवर उलटली.

कागदावर न येणारी नावे

आता सुरुवातीला म्हटलेल्या परिणामांकडे वळू. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा रस्ता स्पर्धांच्या प्रमाणपत्रांतून जातो आणि त्या स्पर्धांचा रस्ता निवड चाचणीतून. निफाड, सिन्नर, येवल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी कबड्डी म्हणजे पोलीस, रेल्वे किंवा बँकेतली संभाव्य नोकरी. निवड चाचणीत मुले एकमेकांना अनोळखी अशा संघांत वाटली जातात. थोड्या वेळात ज्याने दोन-तीन गुण मिळवले, तो नजरेत भरतो. जो कव्हरला उभा राहून चार वेळा वाट बंद करतो, त्याच्या नावापुढे काहीच नसते. शिवाय अबोल करार अनोळखी माणसांशी होत नाही, म्हणून त्याचा खरा गुण तिथे उमटूही शकत नाही. हुशार मुले हे लवकर ओळखतात. कव्हरची जागा सोडून ती कोपऱ्याकडे किंवा चढाईकडे धावतात, किंवा गुणासाठी आगाऊ पकड करू लागतात. नोंदीची पद्धत अशी हळूहळू खेळाची पद्धत बदलते.

यावर उपाय खर्चीक नाही. जिल्हा पातळीवरच्या गुणपत्रकात पकडीच्या नावाशेजारी आणखी एक रकाना आखावा: दुसरा हात कोणाचा. चढाईपटूची परतीची वाट ज्याने अडवली, त्याचे नाव तिथे लिहावे. सामन्याचा गुण एकच राहील, निकालाला धक्का लागणार नाही. वैयक्तिक नोंदीत मात्र अमेरिकेतल्याप्रमाणे अर्धी-अर्धी पकड दोघांना देता येईल. दुसरे असे, की निवड चाचणीत बचावपटूंना एकेकटे न पाहता कोपरा आणि कव्हर अशा जोडीने पाहावे, निदान एका डावात तरी आपापल्या जोडीदारासह खेळू द्यावे. तिसरे, पकड फसली तर ती कुठे फसली, निदान रेषेवर की बोनस रेषेवर, याची एक खूण करावी. एका हंगामाच्या अशा खुणा जमल्या, तर कोणता प्रशिक्षक मुलांना थांबायला शिकवतो आणि कोणता नुसते झेपावायला, हे कागदच सांगेल.

हा रकाना आखायला एक फूटपट्टी आणि गुणलेखकाशेजारी बसणारा एक जाणता माणूस लागतो. असे जाणते, गुडघे गेलेले, एकेकाळी कव्हरला उभे राहिलेले लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. सामन्याच्या वेळी ते दोरीबाहेर उभे असतात आणि पकड झाली की धरणाऱ्याकडे न पाहता दुसऱ्याच कोणाकडे पाहून मान डोलावतात. त्यांना आत बोलावून खुर्ची द्यावी आणि पेन्सिल हातात द्यावी.